अन्नासाठी प्लास्टिकचा डबा कसा निवडावा

प्लास्टिकचा डबा घेताना झाकण घट्ट बसते का, डबा कपाटात मावेल का, एकावर एक रचता येईल का, हे सगळे पाहिले जाते. तो उलटा करून त्याचे बूड वाचणारे मात्र विरळाच. निवडीसाठी सर्वांत उपयोगी मजकूर तिथेच असतो, पण तो बारीक आणि डब्याच्याच रंगात उठवलेला असल्यामुळे सहज नजरेत भरत नाही. हा मजकूर वाचता आला आणि त्यातून काय कळते व काय कळत नाही हे ठाऊक असले, की बहुतेक निर्णय दुकानात उभ्या उभ्या घेता येतात.

बूड वाचण्याआधी मात्र एक प्रश्न स्वतःला विचारून ठेवावा: या डब्यात नेमका कोणता पदार्थ, किती गरम असताना आणि किती दिवस राहणार आहे? कोरडे पीठ वर्षभर ठेवण्यास निर्धोक असलेला डबा उकळत्या तेलकट रश्शासाठी अयोग्य असू शकतो. ‘चांगली प्लास्टिके’ आणि ‘वाईट प्लास्टिके’ अशी सरळ वाटणी करणाऱ्या याद्या त्यामुळेच अर्धवट ठरतात. त्यांत डब्याचा विचार असतो, डब्यात काय ठेवणार याचा नसतो.

डब्यातून अन्नात काय उतरते

प्लास्टिकच्या मुख्य रेणूसाखळ्या इतक्या लांब असतात की त्या सहसा जागच्या हलत नाहीत. हलतात ते त्यांच्या अधेमधे अडकलेले लहान रेणू: साखळी तयार होताना शिल्लक राहिलेला कच्चा घटक, प्लास्टिक मऊ राहावे म्हणून मिसळलेली द्रव्ये, ते लवकर जीर्ण होऊ नये म्हणून घातलेली द्रव्ये, रंग आणि उत्प्रेरकाचे अवशेष. हे रेणू हळूहळू पृष्ठभागाकडे सरकतात आणि तिथून अन्नात उतरतात. उष्णतेने त्यांची हालचाल वाढते. त्यांतले बरेचसे पाण्यापेक्षा तेलात सहज विरघळतात, म्हणून तेलकट पदार्थ त्यांना अधिक ओढून घेतो. आम्लधर्मी पदार्थ काही घटकांना, विशेषतः धातूंच्या संयुगांना, बाहेर काढतो. याशिवाय संपर्काचा काळ जितका लांब तितके उतरणे अधिक, आणि डबा जितका लहान तितका अन्नाच्या प्रत्येक ग्रॅममागे प्लास्टिकचा स्पर्शही अधिक.

अन्नसंपर्कातील प्लास्टिकच्या चाचण्या याच तत्त्वावर बेतलेल्या आहेत. युरोपीय संघाच्या नियमांनुसार प्लास्टिकच्या दर चौरस डेसिमीटर पृष्ठभागातून सर्व मिळून 10 मिलिग्रॅमपेक्षा अधिक द्रव्य अन्नात उतरता कामा नये, आणि काही विशिष्ट रसायनांसाठी याहून कितीतरी कडक मर्यादा स्वतंत्रपणे घातलेल्या आहेत. चाचणी खऱ्या अन्नावर करणे अवघड असल्याने त्याच्या जागी प्रातिनिधिक द्रव वापरतात: आंबट पदार्थांसाठी 3 टक्के ॲसिटिक आम्ल, तेलकट पदार्थांसाठी वनस्पती तेल, इतरांसाठी निरनिराळ्या प्रमाणातील इथेनॉल. तापमान आणि काळही वापरानुसार बदलतात. केवळ फ्रीजमध्ये किंवा फ्रीझरमध्ये राहणाऱ्या वस्तूची चाचणी 20 अंश सेल्सियसला 10 दिवस होते, नेहमीच्या तापमानाला दीर्घकाळ साठवणीसाठी ती 40 अंशांना 10 दिवस होते आणि 100 अंशांपर्यंतच्या वापरासाठी तेवढ्याच तापमानाला 1 तास होते. ‘फूड ग्रेड’ हा शब्द वाचताना हे ध्यानात ठेवले, तर त्यामागे एक न लिहिलेला प्रश्न असतो हे लक्षात येते: कोणत्या वापरासाठी? उत्पादकाने तो वापर लिहिला असेल तर तो पाळावा. लिहिला नसेल तर डबा थंड आणि कोरड्या वस्तूंपुरता मर्यादित ठेवणे शहाणपणाचे.

त्रिकोणातला आकडा

बुडावरील त्रिकोणात 1 ते 7 पैकी एक आकडा असतो. ही पद्धत अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने 1988 मध्ये सुरू केली, आणि तिचा हेतू कचरा वेगळा करणाऱ्यांना प्लास्टिकचा प्रकार ओळखता यावा एवढाच होता. बाणांच्या त्रिकोणामुळे वस्तू पुनर्वापरासाठी घेतली जाईलच असा समज पसरल्याने 2013 मध्ये त्या मानकात बाणांऐवजी साधा भरीव त्रिकोण आला, तरी जुने साचे अजून सर्वत्र वापरात आहेत. आकडा सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नाही. तो फक्त मूळ प्लास्टिक सांगतो. त्यात काय मिसळले आहे ते सांगत नाही. एकाच 2 क्रमांकाच्या प्लास्टिकची दुधाची बाटलीही असते आणि रंगाची बादलीही.

5 क्रमांक म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. स्वयंपाकघरासाठी एकच प्लास्टिक निवडायचे झाले तर मी हेच निवडेन. ते सुमारे 160 अंशांना वितळते, त्यामुळे उकळत्या पाण्याने त्याचा आकार बिघडत नाही. आम्ल आणि क्षार ते सहन करते, आणि ते मऊ करण्यासाठी वेगळे द्रव्य मिसळावे लागत नाही. मायक्रोवेव्हसाठी योग्य म्हणून विकले जाणारे बहुतेक डबे याचेच असतात. त्याचे दोन दोष आहेत. वास आणि ऑक्सिजन त्यातून सावकाश आरपार जातात, म्हणून लसणाचा वास लागलेला डबा कितीही धुतला तरी तो वास पुढच्या पदार्थाला लागतो. दुसरे असे की साधे पॉलिप्रॉपिलीन शून्य अंशाच्या आसपास ठिसूळ होऊ लागते. फ्रीझरमधून काढलेला डबा हातून निसटून पडला आणि काचेसारखा तडकला, हा अनुभव मी एकदा घेतला आहे. फ्रीझरसाठी डबा घेताना ‘फ्रीझरयोग्य’ असा उल्लेख किंवा हिमकणाचे चिन्ह पाहावे. त्यासाठीचे पॉलिप्रॉपिलीन वेगळ्या मिश्रणाचे असते.

2 क्रमांकाचे उच्च घनतेचे पॉलिथिलीन आणि 4 क्रमांकाचे कमी घनतेचे पॉलिथिलीन हीदेखील साध्या घडणीची, भरवशाची प्लास्टिके आहेत. पहिले दुधट, कडक आणि थंडीत न तडकणारे असते, आणि धान्याच्या मोठ्या पिंपांसाठी ते उत्तम. दुसरे मऊ, वाकणारे असते, म्हणून पिशव्या आणि दाबून बसवायची झाकणे त्याची करतात. मात्र पहिले सुमारे 130 अंशांना आणि दुसरे 110 अंशांच्या आसपास वितळते, आणि त्याच्या बरेच आधी ती मऊ पडतात; गरम अन्नाशी त्यांचा संबंध येऊ देऊ नये.

1 क्रमांक, म्हणजे पीईटी (पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट), काचेसारखे पारदर्शक असते. पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्या, तसेच कोरड्या पदार्थांच्या पारदर्शक बरण्या याच्या असतात. ऑक्सिजन आणि वास अडवण्यात ते पॉलिप्रॉपिलीनपेक्षा सरस आहे, त्यामुळे दाणे, तीळ, सुकामेवा अशा खवट होणाऱ्या आणि दळलेले मसाले अशा वासाच्या वस्तू त्यात चांगल्या टिकतात. उष्णता मात्र त्याला मुळीच चालत नाही. बाटलीचे पीईटी 70 ते 80 अंशांच्या दरम्यान मऊ पडून आक्रसते, आणि ते तयार करताना वापरलेल्या अँटिमनीच्या संयुगाचे अंश तापमान वाढेल तसे पाण्यात अधिक उतरतात. बंद मोटारीत उन्हात तापत राहिलेली पाण्याची बाटली याच कारणासाठी टाळावी. नावात ‘थॅलेट’ हा शब्द आल्याने पीईटीमध्ये थॅलेट वर्गाची मऊपणा आणणारी द्रव्ये असतात असा एक समज आहे; तो चुकीचा आहे, ती द्रव्ये वेगळी.

ती द्रव्ये मोठ्या प्रमाणावर असतात 3 क्रमांकाच्या पीव्हीसीमध्ये. पीव्हीसी मुळात कडक असते आणि त्याला लवचीक करण्यासाठी बरेच द्रव्य मिसळावे लागते, कधीकधी वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे. हे द्रव्य साखळीला रासायनिक बंधाने जोडलेले नसल्याने तेलकट अन्नात सहज उतरते, आणि थॅलेट वर्गातील काही द्रव्ये शरीरातील संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात. अन्न साठवण्यासाठी 3 क्रमांक घेऊच नये. अन्नावर ताणून बसवायची पातळ फिल्म घेताना ती पीव्हीसीची की पॉलिथिलीनची हे वेष्टनावर पाहावे आणि कोणतीही असली तरी ती चीज किंवा मांसासारख्या स्निग्ध पदार्थाला थेट चिकटवू नये.

6 क्रमांकाचे पॉलिस्टायरिन दोन रूपांत भेटते: कडक, चकचकीत, चटकन तडकणारे पेले आणि फुगवलेला थर्माकोल. ते 100 अंशांच्या सुमारास मऊ होते, आणि ज्या स्टायरिनपासून ते बनते त्याचे वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 2018 मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ असे केले. लिंबू-संत्र्याच्या सालीतील तेल थर्माकोलला अक्षरशः विरघळवते. थर्माकोलच्या तुकड्यावर साल पिळून हे कोणालाही पाहता येईल. बाहेरून थर्माकोलच्या खोक्यात आलेले गरम किंवा तेलकट अन्न घरी येताच दुसऱ्या भांड्यात काढावे.

7 क्रमांक हा कोणत्याही एका प्लास्टिकचा नाही. वरीलपैकी कशातच न बसणारे सगळे तिथे जमा होते. त्यात पॉलिकार्बोनेट असू शकते, वनस्पतींपासून बनणारे पीएलए असू शकते, ट्रायटनसारखे नवे पारदर्शक प्लास्टिकही असू शकते, आणि या तिघांचे स्वभाव पूर्णपणे भिन्न आहेत. पीएलए ‘नैसर्गिक’ म्हणून विकले जाते खरे, पण 60 अंशांच्या आसपासच ते लुळे पडते. प्लास्टिकचे नाव न लिहिता नुसता 7 लिहिलेला डबा मी घेत नाही.

‘बीपीए नाही’ या शब्दांचा अर्थ

पॉलिकार्बोनेट बिस्फेनॉल ए, म्हणजेच बीपीए, या रसायनापासून बनते. गरम पाणी आणि तीव्र क्षारयुक्त साबण यांच्यामुळे त्याच्या साखळ्या थोड्या थोड्या तुटतात आणि बीपीए मोकळे होते. युरोपीय संघाने 2011 मध्ये बाळांच्या दुधाच्या बाटल्यांत त्यावर बंदी घातली. 2023 मध्ये तिथल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने शरीराच्या दर किलो वजनामागे रोजची सुसह्य मात्रा 4 मायक्रोग्रॅमवरून 0.2 नॅनोग्रॅमवर, म्हणजे 20 हजार पटींनी, खाली आणली. जर्मनीच्या जोखीम-मूल्यांकन संस्थेला हा हिशेब पटला नाही आणि तिने 200 नॅनोग्रॅमची मर्यादा सुचवली. तरीही डिसेंबर 2024 मध्ये अन्नसंपर्कातील साहित्यात बीपीए वापरण्यावर युरोपीय संघात सर्वसाधारण बंदी मंजूर झाली. तज्ज्ञांत आकड्यावरून एवढे अंतर असताना सामान्य माणसाने जुन्या, कडक, पारदर्शक आणि ठोकल्यावर काचेसारख्या वाटणाऱ्या डब्यांतून गरम अन्न न ठेवणे हा सरळ मार्ग आहे.

‘बीपीए नाही’ हे शब्द मात्र फार भोळेपणाने वाचू नयेत. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन बनवताना बीपीए लागतच नाही, त्यामुळे त्यांच्यावरील ही घोषणा खरी असली तरी तिच्यातून नवे काही कळत नाही. जिथे बीपीए खरोखर काढलेले असते, तिथे कधीकधी त्याच्या जागी बीपीएस किंवा बीपीएफ ही त्याचीच भावंडे आलेली असतात आणि त्यांचाही संप्रेरकांवर परिणाम होत असल्याचे आढळले आहे. या शब्दांपेक्षा प्लास्टिकचे नाव अधिक सांगून जाते. पेला आणि काटा यांचे एकत्र चिन्ह असेल तर ती वस्तू अन्नसंपर्कासाठी बनवलेली आहे, एवढे त्यावरून समजावे.

बुडावर काहीच छापलेले नसेल आणि डबा आधीच घरात असेल, तर एक जुजबी परीक्षा करता येते. झाकण काढून डबा पाण्यात पूर्ण बुडवावा, आतली हवा निघून जाऊ द्यावी आणि सोडून द्यावा. पॉलिप्रॉपिलीन आणि दोन्ही पॉलिथिलीने पाण्यापेक्षा हलकी असल्याने डबा वर येतो. पीईटी, पीव्हीसी, पॉलिस्टायरिन, पॉलिकार्बोनेट आणि मेलामाइन बुडतात. खडूची भुकटी मिसळलेले पॉलिप्रॉपिलीनही बुडते, त्यामुळे बुडालेला डबा वाईटच असे नाही, आणि तरंगलेला डबा अन्नासाठीच बनवला होता असेही सिद्ध होत नाही. पण बुडालेल्या अनोळखी डब्यात गरम पदार्थ घालू नये, एवढा निष्कर्ष नक्की काढता येतो.

गरम अन्न आणि मायक्रोवेव्ह

डबा कितीही चांगला असला तरी अन्न पोलादी किंवा काचेच्या भांड्यात गरम करून ताटात वाढणे अधिक बरे, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘मायक्रोवेव्हयोग्य’ या खुणेचा अर्थ डबा वितळणार नाही, वाकणार नाही आणि नियमांतील उतरण्याच्या मर्यादेत राहील, एवढाच असतो. पाणी उकळताना 100 अंशांपाशी थांबते. तेल आणि साखर तिथे थांबत नाहीत, आणि मायक्रोवेव्हमध्ये अन्न सर्वत्र सारखे तापतही नसल्याने तेलकट रस्सा डब्याच्या ज्या कडेला टेकतो तिथे प्लास्टिक 100 अंशांच्या बरेच वर जाऊ शकते. वापरलेल्या डब्यांच्या आत रश्शाच्या पातळीवर जो खरबरीत, पांढुरका पट्टा दिसतो, तो याचाच पुरावा असतो.

प्लास्टिकच्या सूक्ष्म कणांचा मुद्दाही इथेच येतो. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील संशोधकांनी 2020 मध्ये दाखवले की पॉलिप्रॉपिलीनच्या बाळबाटल्यांत गरम पाण्याने दूध तयार केल्यास एका लिटरमागे 1 कोटी 60 लाखांपर्यंत सूक्ष्म कण सुटतात आणि पाण्याचे तापमान वाढेल तशी ही संख्या वाढते. अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाच्या 2023 मधील प्रयोगात मायक्रोवेव्हमधील 3 मिनिटांत काही डब्यांच्या एका चौरस सेंटिमीटरमधून 42 लाखांवर सूक्ष्म कण आणि 211 कोटींपर्यंत अतिसूक्ष्म कण मोजले गेले. या कणांचा शरीरावर नेमका परिणाम किती, हा प्रश्न अजून अभ्यासाधीन आहे. मात्र भांडे बदलण्याला काहीच कष्ट पडत नसल्याने उत्तराची वाट पाहत बसण्याचे कारण नाही.

शिजवलेले अन्न साठवताना ते आधी रुंद, उथळ धातूच्या भांड्यात निववावे आणि कोमट झाल्यावर डब्यात भरावे. निववण्याच्या नावाखाली ते तासन्‌तास बाहेर राहू देऊ नये. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेले पाहिजे, नाहीतर प्लास्टिकपेक्षा जिवाणूंचाच धोका मोठा ठरतो. मेलामाइनच्या वाट्या-ताटल्या मायक्रोवेव्हमध्ये घालूच नयेत. 70 अंशांच्या वर त्यांतून मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइड उतरण्याचे प्रमाण वाढते, आणि ‘बांबूची भांडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक वस्तू बांबूची भुकटी मिसळलेल्या मेलामाइनच्याच असतात.

झाकणाकडे स्वतंत्रपणे पाहावे. डबा 5 क्रमांकाचा आणि झाकण 4 क्रमांकाचे, अशी जोडी फार आढळते, कारण झाकण वाकणारे हवे असते. डब्यावरील मायक्रोवेव्हची खूण झाकणाला लागू होतेच असे नाही. झाकणातील रबरी कडी सिलिकोनची असेल तर उत्तम. ती काढून धुता येते का ते विकत घेतानाच पाहावे, कारण न निघणाऱ्या कडीखाली काळी बुरशी हटकून धरते. फ्रीझरमध्ये जाणारा पातळ पदार्थ डब्याच्या काठापर्यंत भरू नये. पाणी गोठताना सुमारे 9 टक्क्यांनी फुगते आणि कोपऱ्यातून डबा उकलतो.

दुसऱ्या कामाचे डबे

आइस्क्रीमचे, दह्याचे किंवा लोण्याचे रिकामे डबे जपून ठेवण्याची सवय सर्वत्र आहे. ते अन्नासाठीच बनवलेले असतात, पण एका थंड पदार्थासाठी आणि एकाच वापरासाठी. त्यांच्या भिंती पातळ असतात. कोरडे किंवा गार पदार्थ काही दिवस ठेवायला ते चालतात, त्यांत गरम काही ओतू नये. रंग, साबण, खत किंवा कीटकनाशक यांच्या बादल्या मात्र कितीही घासल्या तरी अन्नासाठी वापरू नयेत. प्लास्टिक अशी द्रव्ये आत शोषून घेते आणि धुण्याने फक्त पृष्ठभाग स्वच्छ होतो; शिवाय अशा बादल्यांचे रंग आणि मिश्रणे अन्नासाठी तपासलेली नसतात.

काळ्या प्लास्टिकबद्दल 2024 मध्ये बरीच खळबळ उडाली. टाकाऊ विद्युत उपकरणांची काळी आवरणे पुनर्वापरात येऊन त्यांतील आग रोखणारी द्रव्ये स्वयंपाकाच्या काही काळ्या वस्तूंमध्ये सापडली, असे एका अभ्यासात दिसले. पुढे त्या अभ्यासात सुरक्षित मर्यादा काढताना गुणाकारात एक शून्य राहून गेल्याचे उघड झाले आणि धोका दाखवला होता त्याच्या दहाव्या हिश्श्यावर आला. द्रव्ये सापडली हे तरीही खरेच आहे. निवड करता येत असेल तेव्हा साठवणीसाठी बिनरंगी किंवा दुधट डबा घ्यावा. त्यात आतली बुरशी, चरे आणि डागही लगेच दिसतात.

डबा केव्हा काढून टाकावा

मऊ स्पंज आणि साधा साबण पुरेसा असतो. तारेची घासणी लावू नये, कारण प्रत्येक चऱ्यात तेल आणि जिवाणू घर करतात आणि त्यातून कणही अधिक सुटतात. भांडी धुण्याच्या यंत्रात डबे वरच्या फळीवर, उष्णतेपासून दूर ठेवावेत. डबा धुरकट झाला, आतून चिकट लागू लागला, वाकला, झाकण पूर्वीसारखे बसेना, किंवा कोपऱ्यात केसासारखी तडक दिसली, की त्याची अन्नसेवा संपली असे समजावे. नुसता टोमॅटोचा तांबूस डाग हे डबा टाकण्याचे कारण नव्हे. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर तो वापरात राहू द्यावा. काढलेला डबा खिळे, सुतळी किंवा बियाणे ठेवायला उपयोगी पडतो, पण त्यावर न पुसणाऱ्या शाईने ठळक खूण करून ठेवावी, नाहीतर वर्षभराने कोणीतरी तो घासूनपुसून पुन्हा स्वयंपाकघरातल्या फळीवर आणून ठेवतो.